सोळाच्या आकड्यावरची घंटा

मेहेरबाईंनी मला ती रेकॉर्ड भंगारात टाकायला सांगितली होती. मी टाकली नाही, एवढंच माझं कर्तृत्व. बाकी जे झालं त्याचं श्रेय घ्यायला पुढे पुष्कळ जण आले. आमचा गोटीराम तर अजूनही सांगत फिरतो की ढोल त्याचा होता म्हणून जमलं. सांगू दे बापडा.

देवळाली कॅम्पात मेहेरबाईंचा बंगला होता. मी, चांगुणा, तिथे दिवसभर कामाला असायची. झाडणं, पुसणं, स्वयंपाक, बाईंच्या गुडघ्यांना तेल. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून मी माहेरी परत आलेली, आणि तोंड पहिल्यापासून फटकळ, त्यामुळे पुन्हा सासरी जायचा प्रश्नच नव्हता. बाई मात्र माझ्यावर खूश. त्यांना ऐकू कमी यायचं आणि मला मोठ्यानं बोलायची सवय होती.

त्यांचा मुलगा रुस्तम विलायतेला. ऐंशी सालच्या दिवाळीत तो आला, आठवडाभर राहिला आणि जाताना ती रेकॉर्ड विसरून गेला. काळं कव्हर, त्यावर तडा गेलेली मोठी घंटा. मागच्या बाजूला चार केस वाढवलेले पुरुष, कुणी जेवायला वाढलं नसावं असे चेहरे करून उभे. इंग्रजीत मोठं नाव होतं, पण ते मला वाचता येत नव्हतं. बाई म्हणाल्या, "ए चांगुना, ही रुस्तमची रेकॉर्ड काढून टाक नी. एकदा लावली ने माझा माथा फिरला." ज्या बाईला दाराची बेल ऐकू येत नाही तिचा माथा फिरवणारी रेकॉर्ड आहे तरी कसली, म्हणून मी ती पदराखाली झाकून स्वयंपाकघरात ठेवली.

दुपारी बाई झोपल्या तेव्हा लावून बघितली. त्यांचं ते रेकॉर्ड वाजवायचं यंत्र जुनं, पण दणकट. त्याला बाजूला एक खटका होता आणि खटक्यापाशी चार आकडे. सोळा, तेहतीस, पंचेचाळीस, अठ्ठ्याहत्तर. आकडे मला येतात, इंग्रजीतलेसुद्धा. बाईंच्या पंख्याला पण असेच आकडे होते, आणि लहान आकड्यावर पंखा हळू फिरतो हे मला माहीत होतं. दुसऱ्याची वस्तू, मोडली बिघडली तर काय घ्या! मी खटका सोळावर नेला, पिन टेकवली आणि हातात फडकं घेऊन उभी राहिले.

आधी घंटा वाजली. एक टोला, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा टोला. आणि मग ते सुरू झालं. कसारा घाटात भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये चढतो ना, तसा आवाज. जमीन थरथरायला लागली की काय, म्हणून मी पायाखाली बघितलं. गाणारा माणूस विहिरीच्या तळाशी बसून गात होता. शब्द एकही कळत नव्हता. पण त्या आवाजाला कुठेही जायची घाई नव्हती, आणि त्याला "बाजूला हो" म्हणायची कुणाची टाप नव्हती. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी एकाच खोलीची फरशी तीनदा पुसली.

रोज दुपारी मी एक बाजू ऐकायची. आठ चाली होत्या. महिन्याभरात सगळ्या मला तोंडपाठ झाल्या आणि भांडी घासताना मी त्या नाकातून गुणगुणायला लागले. यालाच हेवी मेटल म्हणतात हे फार पुढे कळलं. जड धातू. गोटीराम म्हणाला, मग आपल्या बँडचा पितळी युफोनियम काय कापसाचा हाय?

आता आमच्या बँडचं सांगते. नाशिक रोडला आमची वसाहत, आणि वसाहतीत आमच्या आबांनी उभा केलेला प्रबुद्ध ब्रास बँड. आबांचं नाव सहादू. चांदवडकडच्या आमच्या गावी ते हलगी वाजवायचे. गावच्या वरातीत सगळ्यात पुढे, आणि पंगतीत सगळ्यात शेवटी, तेही लांब बसून. धर्मांतर केलं तेव्हा त्यांनी हलगी सोडली, गाव सोडलं, नाशिक रोडला कारखान्यात लागले आणि लष्करातून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्या बाजेवाल्याकडून पितळी कॉर्नेट फुंकायला शिकले. म्हणायचे, "या बाज्याला आपली जात ठावं नाय." बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक वसाहतीतून निघायला लागली त्या पहिल्या वर्षापासून आबांचा बँड तिच्यात सगळ्यात पुढे. लग्नाची सुपारी मिळो न मिळो, चौदा एप्रिलला पुढे आम्हीच. घरात त्याबद्दल कुणी बोलायचं नाही, इतकं ते ठरलेलं होतं.

पण आबांना दमा झाला. कॉर्नेट माझ्या मोठ्या भावाकडे, सावळीरामकडे आली आणि आबा खाटेवर. दादा वाजवायचा चांगला, पण स्वभावानं मऊ. आणि त्याच सुमाराला देवळाली गावात वाल्मीकनं सुवर्णतारा ब्रास बँड काढला. वाल्मीक म्हणजे आबांचाच चेला. आमच्या ओट्यावर बसून कॉर्नेट शिकला, सूर लागायला लागल्यावर निघून गेला. त्याच्याकडे लाल कोट, सोनेरी झालरी, हातगाडीवर भोंगा. आमच्या कोटांची बटणं मी दर वर्षी नव्यानं शिवायची.

जानेवारीत जयंती कमिटीतल्या तरुण पोरांनी विषय काढला, की यंदा पुढे सुवर्णतारा लावू. कमिटीचे अध्यक्ष चिमाजीभाऊ. त्यांना आबांचं मन मोडवेना आणि पोरांचंही. मग त्यांनी जुना रिवाज काढला. आमच्याकडे लग्नात दोन्हीकडचे बँड समोरासमोर आले की सवाल-जवाब व्हायचा. एकानं चाल वाजवायची, ती दुसऱ्यानं तशीच वाजवून दाखवायची. ज्याला जमणार नाही त्यानं टोपी काढायची आणि मागे चालायचं. चिमाजीभाऊ म्हणाले, तेरा एप्रिलला संध्याकाळी चौकात सवाल-जवाब करा, जिंकेल तो जयंतीला पुढे.

आबांनी ऐकून घेतलं. मग दादाला म्हणाले, "मागं चालायची पाळी आली तर बँड पेटीत ठेव. मागं चालायला मी गाव सोडलं नव्हतं." एवढं बोलायलासुद्धा त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागलं. दादा माडीवर जाऊन बसला आणि जेवायला खाली आला नाही.

त्याची अडचण खरी होती. सिनेमातली कुठलीही चाल काढा, ती वाल्मीकला येणारच. रेडिओ सगळ्यांच्या घरी होता. मी भाकरीचं ताट घेऊन वर गेले आणि म्हटलं, "दादा, मला आठ चाली येतात. त्या नाशिक जिल्ह्यात कुणाला येत नाहीत."

"तुला?"

"मला. जेव आधी."

दुसऱ्या दिवशी सगळा बँड वालदेवी नदीच्या काठी जमला. मी सुपात तांदूळ घेऊन बसले होते, कारण नुसतं बसून पुरुषांना शिकवलं असतं तर त्यांना पचलं नसतं. तांदूळ निवडता निवडता मी गुणगुणत होते. ढँ... ढँ... ढ्ढँऽऽ. आधी सगळे तोंड लपवून हसले. गोटीराम तर उघडच हसला. म्हणाला, "ताई, पोट दुखतंय का?" मी सूप खाली ठेवलं आणि त्याला सांगितलं, की हसून झालं असेल तर ढोल उचल, नाहीतर घरी जाऊन पोरं सांभाळ. त्यानं ढोल उचलला.

दादानं पहिल्यांदा सूर शोधला. मग त्यानं वाटण्या केल्या. ट्रकचा जो जाड आवाज होता तो युफोनियमला, विहिरीतल्या माणसाचं गाणं दोन कॉर्नेटना, मध्येच एक बारीक आवाज वेड लागल्यासारखा वर जायचा तो क्लॅरिनेटला. चालींची इंग्रजी नावं कुणालाच माहीत नव्हती, म्हणून आम्हीच ठेवली. घंटा. घाट. विहीर. नळावरचं भांडण. शेवटची होती ती घरी जाणं. हिवाळाभर रोज संध्याकाळी मी बंगल्यावरून एक तुकडा डोक्यात भरून आणायची आणि नदीकाठी ओतायची. चुकलं तर दुसऱ्या दुपारी पुन्हा ऐकायची.

एक गोष्ट मात्र जमेना. घंटेच्या चालीत एक सूर इतका लांब होता की वाजवणाऱ्यांचे डोळे बाहेर यायचे. मी म्हणायची, "अजून संपला नाही तो." दादा म्हणायचा, "अगं माणसं हायेत का भाते?" मी म्हणायची, "विलायतेतली पण माणसंच हायेत ना?" शेवटी दादा सगळ्यांना घेऊन आमच्या दारात आला आणि आबांच्या खाटेसमोर चाल वाजवली. सूर नेहमीच्या ठिकाणी तुटला.

आबांनी तेवढाच तुकडा पुन्हा वाजवून घेतला. मग म्हणाले, "समदे एकदम दम घेता, म्हणून भोक पडतंय." त्यांनी काठीनं एकेकाला दाखवलं. आधी हा श्वास घेईल, तेव्हा बाकीचे वाजवतील. मग तो घेईल. कधी कोण घेतो ते ऐकणाऱ्याला कळता कामा नये. "सूर एकाचा नसतो. समद्यांनी मिळून धरायचा. मला इथं पडल्या पडल्या सुचलंय हे. मी आता असाच श्वास घेतो, चोरून चोरून." दादानं खाली बघितलं. मला रडू आलं, म्हणून मी आत जाऊन चुलीवर ओरडले.

आबांना ती चाल फार आवडली. कुणीतरी म्हणालं, की जयंतीला इंग्रजी चाल कशाला? आबा म्हणाले, "ही कुणाच्या लग्नातली नाय, कुणाच्या पालखीतली नाय. कुणी हुकूम करून ती आपल्याकडून वाजवून घेतली नाय. कोरं कापड हाय. लय झ्याक हाय."

तेरा एप्रिलला चौकात निळ्या पताका लागल्या होत्या. आबांना खुर्चीवर बसवून चौघांनी उचलून आणलं. वसाहतीतल्या बायका घरातली कामं टाकून आल्या होत्या, पोरं पाण्याच्या टाकीवर चढली होती. एका बाजूला लाल कोट, एका बाजूला आमचे निळे, इस्त्री करून करून चकाकणारे. वाल्मीकनं येऊन आबांना वाकून जयभीम केला. आबांनी मान हलवली.

सुरुवातीला नेहमीचंच झालं. त्यांनी सिनेमाची चाल टाकली, आम्ही उचलली. आम्ही टाकली, त्यांनी उचलली. ऊन उतरलं तरी बरोबरी सुटेना. लोक कंटाळले. चिमाजीभाऊ घड्याळ बघायला लागले. मग दादानं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली आणि गोटीरामनं ढोलावरच्या झांजेवर घंटेचा टोला दिला.

एक टोला. मग काही नाही. मग दुसरा.

युफोनियम उठला आणि ती चाल घाट चढायला लागली. मी लोकांचे चेहरे बघत होते. म्हाताऱ्या गोजराबाईंनी विडा चघळायचं थांबवलं. टाकीवरची पोरं हलायची थांबली. लांब सूर आला, आमच्या माणसांनी तो एकमेकांच्या हातून घेत घेत असा धरला की संपतो की नाही असं वाटावं, आणि मग तो संपला. टाळ्या वाजायला थोडा वेळच लागला, आणि मग त्या थांबेनात. मी मनात म्हटलं, झालं! वाल्मीकराव, काढा टोपी.

वाल्मीक हसत होता.

त्यानं वळून आपल्या माणसांना काहीतरी सांगितलं, हातानं चार ठोके मोजले, आणि त्यांनी घंटाच वाजवली. आमचीच घंटा! तेच सूर, त्याच क्रमानं. फक्त मागे कुत्रं लागल्यासारखी पळत. लोकांनी एक आरोळी ठोकली आणि सगळा चौक नाचायला लागला. टाकीवरची पोरं धडाधड खाली उतरली. चिमाजीभाऊंचाही पाय हलत होता, मी पाहिला.

दादाचा चेहरा मातीसारखा झाला. आमच्याकडे याच्यापुढे काही नव्हतं, सगळी भिस्त या रेकॉर्डवर होती. मग मला राग आला, आणि मला राग आला की पाय आपोआप पुढे पडतात. मी चौकाच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

"हा जवाब नाय! आमची चाल चालत गेली, यांची पळत गेली!"

वाल्मीक म्हणाला, "ताई, खरी चाल हीच हाय. कॅम्पात पार्ट्यांना वाजवतो मी, तिथल्या पोरांच्या टेपवर शंभरदा ऐकलीय. रेकॉर्डच्या यंत्राला खटका असतो, ठावं हाय का? तुम्ही चुकीच्या आकड्यावर लावली असणार."

लोक हसले. नुसते हसले नाहीत, पोट धरून हसले. चौकभर हसू फिरून माझ्यापाशी येऊन थांबलं. दादानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की त्याच्यापेक्षा त्यानं एक मुस्कटात दिली असती तर बरं झालं असतं. सोळा, मला आठवलं. माझ्या सगळ्या हिवाळ्याचा तो आकडा.

तेवढ्यात काठी आपटल्याचा आवाज आला. आबांची काठी.

"चिमाजी," आबा म्हणाले. सगळे गप्प झाले, कारण त्यांचा आवाज ऐकायचा तर गप्पच व्हावं लागायचं. "सवाल जसा, जवाब तसा. रिवाज काय हाय? खरी चाल कुणाची ते विचारत नाय रिवाज. समोरच्यानं वाजवली तशी वाजवायची."

चिमाजीभाऊंनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "बरोबर हाय वस्तादांचं. वाल्मीक, त्यांनी वाजवली तशी वाजव."

"त्यात काय," वाल्मीक म्हणाला, "हळू वाजवणं तर सोपं."

मी बाजूला झाले. लाल कोटवाल्यांनी टोला दिला, थांबले, दुसरा दिला. सुरुवात त्यांनी ठीक केली. पण हळू चालीत लपायला जागा नसते. चढ लागला तेव्हा त्यांचा ढोल पुढे पळायला लागला, वाल्मीकनं डोळे वटारले, ढोल मागे आला. आणि मग तो लांब सूर आला. सगळ्यांनी छाती भरून घेतली आणि एकदम सोडली. गाल फुगले, माना लाल झाल्या. मग सगळ्यांचा दम एकाच वेळी संपला आणि सगळ्यांनी एकाच वेळी श्वास घेतला. चाल मधोमध फाटली. एक कॉर्नेट तेवढी किंचाळत राहिली, ती वाल्मीकची होती, आणि मग तीही थांबली.

आता कुणी हसलं नाही. वाल्मीक पाणी प्यायला. माणूस खोटा नव्हता, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. म्हणाला, "बरं, मला नाय जमलं. पण माझा सवाल बाकी हाय. आमची घंटा आमच्यासारखी वाजवा. नाय जमली तर बरोबरी."

दादा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "आपण कधी पळवली नाय ही."

"सूर तेच हायेत ना?"

"हायेत."

"मग झालं. मी हात हलवते, माझ्याकडे बघा. लोकांकडे बघू नका."

मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि हातानं ठोका धरला. वाल्मीकनं धरला होता तसाच, पाळीव बैल उधळल्यासारखा. पहिल्या ओळीला सगळे धडपडले. क्लॅरिनेट उशिरा आली, झांज लवकर. मी हात थांबवला नाही. दुसऱ्या ओळीला बोटांना कळलं, की अरे, ही तर आपलीच! हिवाळाभर एकेक सूर इतका वेळ हातात धरून बसले होते सगळे, की आता त्यांना फक्त तो सोडायचा होता. गोटीरामनं "हाऽऽ" करून आरोळी दिली आणि ढोलावर असा तुटून पडला की मला वाटलं कातडं फाटतंय. चौक पुन्हा नाचायला लागला. आणि चाल संपली तरी दादा थांबला नाही. घाट घेतला, तसाच पळत. विहीर घेतली. नळावरचं भांडण घेतलं, तेव्हा बायकासुद्धा नाचायला आल्या. एका दमात सगळी रेकॉर्ड, पहिली बाजू आणि दुसरी बाजू!

शेवटची चाल झाल्यावर मी हात वर धरला. सगळे थांबले. मी हात सावकाश खाली आणला, आणि बँडनं पुन्हा घंटा धरली, आमची, सोळाच्या आकड्यावरची. नाचणारी माणसं होती तिथे उभी राहिली. लांब सूर उठला आणि चौकावरून गेला.

वाल्मीकनं टोपी काढली. ती छातीशी धरून तो आबांसमोर उकिडवा बसला. "वस्ताद, हा दम कुठून आणला यांनी? मला नाय शिकवला तुम्ही."

आबा म्हणाले, "तू गेलास, त्याच्या पुढचा धडा हाय तो." मग थोडं थांबून, श्वास गोळा करून म्हणाले, "ये परवापासून."

दुसऱ्या दिवशी जयंती. तरी सकाळी मी बंगल्यावर गेले, बाईंना चहा कोण देणार? काम आवरलं आणि यंत्रापाशी गेले. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. खटका तेहतीसवर नेला, पिन ठेवली. वाल्मीकचं बरोबर होतं. चाल पळत होती, आणि विहिरीतला माणूस बाहेर येऊन चिडल्यासारखा ओरडत होता. वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू. पण कव्हरवरच्या त्या चौघांनी स्वतःच इतकं चांगलं काही करून ठेवलं होतं आणि त्यांना ते नीट बघायला सवड नव्हती. मी खटका परत सोळावर आणला. चूक माझी होती असं लोक अजून म्हणतात. मी म्हणते, त्यांना घाई झाली.

संध्याकाळी मिरवणूक निघायच्या वेळी रस्ता माणसांनी भरून गेला होता. पुढे आमचा बँड, आणि आमच्या पाठोपाठ सुवर्णतारा. वाल्मीकनं दादाला विचारलं, "तुम्ही हळू घ्या, आम्ही पळवतो. बघू का एकदा?" दादाला वाटलं गोंधळ होईल. पण टोला पडला आणि गंमत झाली. आमची एक ओळ संपायची तेवढ्यात त्यांच्या बरोबर दोन व्हायच्या. पुढे निळे चालत होते, मागे लाल पळत होते आणि दोघं कुठेही एकमेकांना धडकत नव्हते. ज्यांना नाचायचं होतं ते मागे गेले, ज्यांना छाती काढून चालायचं होतं ते पुढे आले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या गच्च्या भरल्या होत्या. एवढा मोठा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, त्यानंतरही नाही.

मी बायकांच्या घोळक्यात, कडेनं चालत होते. आमच्या दारासमोर आबांची खुर्ची मांडली होती. बँड तिथे पोचला, तेव्हा गर्दी मागून रेटत होती आणि आमची माणसं हळूहळू घाई करायला लागली होती. मला ते लगेच कळलं. आबांनाही कळलं. त्यांनी काठी वर केली. बँड थांबला.

आबांच्या मांडीवर बँडमास्तरची छडी होती, पितळी मुठीची. ते पुढे चालायचे तेव्हा त्यांच्या हातात असायची. दादाकडे कॉर्नेट आली होती, पण छडी आबांनी कुणाला दिली नव्हती. दादा पुढे झाला, हात केला. आबांनी मानेनंच नाही म्हटलं आणि छडीचं टोक बायकांच्या घोळक्याकडे केलं.

"चांगुणा. ठोका हिला ठावं हाय."

कुणी काही म्हणालं का? म्हणालं असेल. मला ऐकू आलं नाही. दादानं मला हाताला धरून रस्त्याच्या मधोमध आणलं. छडी वाटली होती त्यापेक्षा जड होती. माझ्यासमोर मोकळा रस्ता होता, आणि मागे दोन बँड, आणि त्यांच्यामागे सगळी वसाहत. मी आबांकडे बघितलं. त्यांना बोलायचं होतं, पण श्वास पुरत नव्हता. ते थांबले, एक श्वास चोरला, मग दुसरा.

"पुढं चाल," ते म्हणाले.

मी छडी उचलली. गोटीरामनं टोला दिला, आणि मी चालायला लागले. सावकाश.